ट्रायपॉडचं वरण

काकांनी माझी बॅग उघडून तोलली तेव्हा मला त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. ऑफिसच्या कामासाठी मला क्युपर्टिनोला जायचं होतं आणि मी बॅग ओढत जिना चढून वर आले. काका ओट्यापाशी उभे होते, पुढ्यात पीठ मोजायचा काटा. "ठेव इथे," म्हणाले. काटा लहान, बॅग मोठी. म्हणून मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. शाम्पूची बाटली, छत्री, हेअर ड्रायर, आईनं पुण्याहून पाठवलेल्या चकल्या. मी नुकतीच नोकरीसाठी अमेरिकेत, ईडन प्रेरीत आलेली, लग्न न झालेली मुलगी, आणि पन्नाशीचे एक गृहस्थ माझे हातरुमाल तोलत होते. काकू शांतपणे कांदा चिरत होत्या.

"करू दे त्यांना," त्या म्हणाल्या, "नाहीतर जेवायला बसणार नाहीत."

छत्री, ड्रायर आणि अर्धा शाम्पू घरी राहिला. चकल्या काकांनी तिथल्या तिथे खाऊन बॅग हलकी केली.

दोघं नागपूरचे. काका पुलांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते, काकू शाळेच्या लायब्ररीत काम करायच्या. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी होती आणि सुट्टीला यायची. दिवाणखान्यात बुद्धाची पितळी मूर्ती होती. एप्रिलमधली जयंती त्यांच्याच बेसमेंटमध्ये व्हायची, म्हणजे माझ्या खोलीत. त्या दिवशी माझा पलंग गराजमध्ये जायचा. वंदना झाली, भाषणं झाली, की सगळे अंगणात ग्रुप फोटोसाठी उभे राहायचे आणि तिथे गाडी हमखास अडायची. कारण काकांना फोटोत माणसांबरोबर घराचं अख्खं छप्पर हवं असायचं. "मागे सरा, अजून मागे," करत ते स्वतःच मागे मागे जायचे आणि रस्ता ओलांडून समोरच्यांच्या लॉनवर पोचायचे. तिथून त्यांचा आवाजही ऐकू यायचा नाही. मग आम्ही अंदाजानं हसायचो.

हा धंद्याचा दोष होता. पुलाला तडा गेला की इंजिनियर त्याचा फोटो काढतो, आणि काढताना शेजारी पेन्सिल धरतो. पेन्सिल नसेल तर तडा केसाएवढा आहे की हाताएवढा, हे ऑफिसात बसलेल्या माणसाला कळायचं कसं? काकांनी आयुष्यभर हेच केलं आणि हीच शिस्त घरी आणली. "माप नाही तर माहिती नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. फरक एवढाच की सहलीला गेल्यावर पेन्सिलीच्या जागी काकू असायच्या.

काकूंची उंची पाच फूट एक इंच. ती माझ्याप्रमाणे गावातल्या सगळ्या मराठी माणसांना पाठ होती. धबधबा असो, टॉवर असो, राजधानीतली पांढरी इमारत असो, तिच्या पायथ्याशी काकूंना उभं केलं जायचं. लांबून ठळक दिसाव्यात म्हणून त्यांना लाल स्वेटर घालायला लागायचा, मग ऊन भाजत असलं तरी. काका दूर जायचे, अजून दूर जायचे, आणि क्लिक. फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका. त्या काकू.

त्या काळी कुणी सहलीहून परतलं की शनिवारी संध्याकाळी स्लाइड शो ठरलेला. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, बेसमेंटमध्ये अंधार करायचा आणि भिंतीवर यजमानांची सहल बघायची. बाकीच्यांकडे यजमान, यजमानीण आणि मुलं यांच्या मागे थोडासा नायगारा दिसायचा. काकांकडे नायगारा पुरा दिसायचा आणि मग परीक्षा असायची. "ही पाच फूट एक इंच. सांगा बरं, कडा किती?" बायका घड्याळाकडे बघायच्या, पुरुष हवेत बोटं धरून मापं घ्यायचे. बरोबर सांगणाऱ्याला दुसरा गुलाबजाम. गुलाबजाम काकूंनीच केलेले असायचे, म्हणजे त्यांचा दोन्हीकडून वापर व्हायचा.

"मॉम, यू आर लाइक अ यार्डस्टिक," एकदा मुलगी म्हणाली.

"इन अ रेड स्वेटर," काकू म्हणाल्या आणि आणखी भजी आणायला वर गेल्या.

हलकेपणाचं वेड मात्र मुळात नव्हतं. ते एका मूसनं, म्हणजे इथल्या दांडग्या सांबरानं, लावलं. आधी काकांकडे दोन कॅमेरे, थर्मासएवढी एक लेन्स आणि एक लोखंडी ट्रायपॉड होता. हे सगळं ते पाठीवर घेऊन हिंडायचे आणि संध्याकाळी काकूंकडून पाठीला बाम लावून घ्यायचे. एकदा उत्तरेकडच्या सरोवरावर, हाकेच्या अंतरावर, पाण्यातून एक मूस बाहेर आला. म्हशीच्या दीडपट, डोक्यावर मोठी शिंगं. काकांनी ट्रायपॉडचे पाय उघडले, स्क्रू पिळले, लेन्स बदलली. मूसनं तोवर पाणी पिऊन घेतलं, थोडा पाला खाल्ला, काकांची तयारी जरा वेळ बघितली आणि झाडीत गेला. काकांकडे त्या दिवसाचा एक फोटो आहे. चिखलात मूसच्या खुराचा ठसा आणि शेजारी, मापासाठी, काकूंची चप्पल.

परत आल्यावर त्यांनी सगळं विकून टाकलं आणि शर्टाच्या खिशात मावेल असा एक छोटा कॅमेरा घेतला. त्याला एकच लेन्स, न हलणारी. जवळचं पाहिजे तर पायांनी जवळ जा. "जे खांद्यावर असतं ते डोळ्यात जात नाही," असं ते म्हणू लागले, आणि ज्याला त्याला म्हणू लागले. नव्यानं सिगारेट सोडलेला माणूस जसा इतरांना छळतो तसे ते कॅमेऱ्याची मोठी बॅग दिसली की त्या माणसाला गाठायचे. कॅमेऱ्याचा पट्टा जड म्हणून काढून टाकला. त्या जागी लेंग्याची नाडी. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली. ट्रायपॉडऐवजी काकूंच्या जुन्या परकराची एक पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात मूगडाळ भरली. ती कठड्यावर ठेवायची, वर कॅमेरा दाबून बसवायचा, अजिबात हलत नाही. या पिशवीला ते ट्रायपॉडच म्हणायचे. फिल्मच्या रिकाम्या काळ्या डब्यांत काकूंनी प्रवासासाठी हळद, हिंग, तिखट, जिरं भरायचं, असाही नियम झाला. कुठल्या डबीत काय आहे याच्या चिठ्ठ्या लावायला मात्र बंदी.

"चिठ्ठीला वजन असतं?" मी विचारलं.

"सुरुवात चिठ्ठीपासूनच होते," काका म्हणाले.

मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. काकूंनाही वाटायचं, पण एका गोष्टीची गंमत त्यांना वाटेनाशी झाली होती, आणि ती मला एका रविवारी कळली. नागपूरहून त्यांच्या आईचा फोन आला होता. आई खूप थकलेली, नजर अधू, आणि काकूंना तिकडे जाऊन बरीच वर्षं झालेली. फोन ठेवल्यावर काकू खुर्चीत बसून राहिल्या.

"आईला मागच्या सहलीचे फोटो पाठवले होते ना," त्या म्हणाल्या. "आई म्हणते, इमारत चांगली आहे, पण तिच्या पायाशी ते लाल लाल काय दिसून राहिलं?"

मी हसले. मग त्यांचं तोंड बघून थांबले.

"मॉलमध्ये स्टुडिओ आहे की, काकू. एक छानसा काढून घेऊ या आपण."

"स्टुडिओतला नको मला. यांनी काढलेला पाहिजे." त्यांनी टेबलावरचे खारे दाणे उगाच इकडचे तिकडे केले. "पुलाच्या भेगेचा फोटो हे नाक लावून काढतात. आणि बायकोचा काढायचा तर रस्त्यापलीकडे जातात. पंचवीस वर्षं झाली लग्नाला. एकदा तरी जवळ यावं की नाही माणसानं?"

काका त्या वेळी गराजमध्ये होते. काकूंनी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हत्या. सांगून काढून घेतलेल्या फोटोत काही अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, आणि काकांचा मनापासून राग आला.

त्याच वर्षी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, दोघं युरोपला ऱ्हाईन नदीवरच्या बोटीच्या सहलीला गेले. कल्पना काकांची. बोटीत बॅग एकदा ठेवली की पुन्हा उचलायची नाही, किल्लेच पाण्यावरून चालत आपल्याकडे येतात. हलक्या प्रवासाचं याहून वरचं टोक नव्हतं. दोघांची मिळून एकच बॅग, आणि ती माझ्या ऑफिसच्या पिशवीपेक्षा लहान. काकूंच्या साड्या काट्यावर चढल्या आणि उतरल्या. लाल स्वेटर मात्र न तोलता आत गेला.

पुढची हकिगत मला दोघांकडून वेगवेगळी कळली. काकांची गराजमध्ये, काकूंची ओट्यापाशी. घटना दोन्हींत सारख्याच आहेत, फक्त काका सांगताना प्रकाशाबद्दल फार बोलतात.

बोट सुटली आणि पहिल्याच किल्ल्याला काकांच्या लक्षात आलं की घोटाळा झाला. किल्ला डोंगरावर, आपण नदीत, बोट थांबत नाही. काकूंना पायथ्याशी उभं करणार कसं? त्यांनी काकूंना डेकच्या कठड्याशी उभं केलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. काकू पुढे, हातभर अंतरावर. किल्ला मागे, त्यांच्या कानाएवढा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच काकू किल्ल्यापेक्षा मोठ्या दिसत होत्या.

"माप साफ चुकून राहिलंय," काका म्हणाले. "तू जरा बाजूला हो."

काकू बाजूला झाल्या. मग दुसरा किल्ला आला, तिसरा आला, प्रत्येक वेळी त्या बाजूला झाल्या. पुढेपुढे तर काका नुसता हात हलवायचे. काकूंनी स्वेटर काढून घडी करून ठेवला आणि त्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. बोटीवरचे बाकीचे प्रवासी बहुतेक निवृत्त अमेरिकन. त्यांच्यात ओहायोचा एक दातांचा डॉक्टर मोठा ट्रायपॉड घेऊन आला होता आणि काका त्याला दिवसभर हलकेपणाचे फायदे समजावत होते. इकडे आपली बायको सहलीतूनच वजा झाली आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यात जेवण. उकडलेला बटाटा, उकडलेला मासा, उकडलेली फरसबी. काही दिवस काकूंनी डबीतलं तिखट वरून घालून ढकलले. मग एका दुपारी काका डेकवर डॉक्टरला गाठून बसले असताना त्यांनी मूगडाळीची पिशवी उचलली, पर्समधल्या काळ्या डब्या घेतल्या आणि सरळ बोटीच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथला आचारी हंगेरियन, अंगानं दांडगा, इंग्रजी दोघांचंही कामचलाऊ. काकूंनी पिशवीची शिवण दातांनी उसवली आणि डाळ त्याच्या पातेल्यात ओतली. त्याला वाटलं, बाईंना बरं नाही. फोडणीचा वास सुटल्यावर तो स्वतः चमचा घेऊन आला. भात त्यानं करून दिला.

संध्याकाळ झाली. त्या प्रकाशात, पाण्याच्या अगदी काठाला, सहलीतला सगळ्यात देखणा किल्ला येणार होता. काका कॅमेरा घेऊन केबिनमध्ये आले तर पिशवी नाही. ती धुऊन, पिळून, बाथरूमच्या दांडीवर वाळत घातलेली. ते तसेच जेवणाच्या खोलीत आले. सगळे प्रवासी बसलेले, प्रत्येकापुढे वाटीत पिवळं काहीतरी, आणि काकू पळी घेऊन वाढतायत.

"माझा ट्रायपॉड कुठाय?" काकांनी विचारलं.

"बसा ना," काकू म्हणाल्या. "वाढते."

काका उभेच. दातांच्या डॉक्टरनं मोठ्या मनानं आपला ट्रायपॉड देऊ केला. पण दिवसभर त्याच ट्रायपॉडची निंदा केल्यावर तो घेणार कसा? आणि अंधार पडत आलेला. नुसत्या हातात धरून काढला तर किल्ला हलणार. वाढून झाल्यावर काकू जेवायला बसल्या तेव्हा काका गुपचूप त्यांच्या समोर बसले. खिडकीतून तो किल्ला हळूहळू आला, आणि गेला.

काकू हातानं भात कालवत होत्या. भोवती सगळे काटे-चमचे आणि त्या पाची बोटांनी वरणभात कालवत होत्या, कितीतरी दिवसांनी. आचारी दारातून काहीतरी म्हणाला आणि त्या खळखळून हसल्या. तेवढ्यात फ्लॅश उडाला.

काका म्हणतात, फ्लॅश चालतो की नाही ते बघायचं होतं. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश टेबलाच्या पलीकडच्या बाजूपर्यंतच पोचतो, आणि तिथे काकू होत्या, एवढंच.

काकू म्हणतात, "नाही गं. हे आधी नुसतंच पाहून राहिले होते माझ्याकडे. जेवायचं सोडून. कॅमेरा नंतर आला."

मी काकूंची बाजू घेते. तेव्हाही घेतली होती.

परत आल्यावर स्लाइड शो झाला. मुलगी आली होती, सगळी मंडळी आली, अंधार झाला. आणि लक्षात आलं की काका गप्प आहेत. किल्ल्यामागून किल्ला येत होता, पण कुठेही लाल ठिपका नव्हता, त्यामुळे उंची विचारता येत नव्हती. काका नुसतं "हा एक किल्ला," म्हणायचे आणि पुढचं बटण दाबायचे. गुलाबजाम सगळ्यांना तसेच वाटले गेले. काकू कधी नव्हे त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, केस नीट बांधून. मी त्यांच्या शेजारीच होते. प्रत्येक स्लाइडला त्या किंचित पुढे झुकत होत्या. शेवटी भिंतीवर नुसता पांढरा चौकोन आला आणि दिवे लागले. त्यांचा फोटो आलाच नव्हता.

"एक रोल हरवला," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "शोधला. नाही सापडत."

काकू उठल्या आणि चहा टाकायला वर गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी सगळ्यांचे चहा केले, कुणाला बिनसाखरेचा ते बरोबर लक्षात ठेवून. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी पुढे कितीतरी दिवस तो रोल शोधला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बॅगेचं अस्तर फाडलं. गाडीच्या सीटखाली हात घालून झाला. विमान कंपनीला फोन करून त्यांनी तिथल्या मुलीला फिल्मच्या डबीचं वर्णन सांगितलं, अर्थातच मापासकट. तोंडानं मात्र चकार शब्द नाही. काटा ओट्यावरून कपाटात गेला आणि मी दोनदा गच्च भरलेली बॅग घेऊन त्यांच्यासमोरून गेले तरी ते काही बोलले नाहीत. तेव्हा मात्र मला त्यांची काळजी वाटली.

रोल मला सापडला. बर्फ पडायला लागलं होतं, काकूंना सर्दी झाली होती आणि आमटी मी करत होते. तेल तापलं, जिऱ्यासाठी खणातली एक काळी डबी उघडून पातेल्यावर उपडी केली, आणि जिऱ्याऐवजी फिल्मचं नळकांडं बाहेर आलं. पातेल्यात पडता पडता मी ते हातात झेललं. पातेल्याचा चटका बसला, पण सोडलं नाही. बोटीवर काकूंच्या पर्समध्ये दोन्ही प्रकारच्या डब्या एकत्र होत्या आणि चिठ्ठ्यांना बंदी होती, त्यामुळे ऱ्हाईन नदी महिनाभर आमच्या मसाल्याच्या खणात राहिली होती.

काका ते तसंच खिशात घालून, वर कोट न घालता, बर्फात गाडी काढून दुकानात गेले. फिल्म धुऊन आली तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं म्हणे, की हिला हा वास कसला येतोय.

फोटो सुंदर होता. फ्लॅशचा उजेड, हाताला भात लागलेला, तोंड हसण्यात अर्धं उघडं, कपाळावर आलेली एक बट. काकूंचा चेहरा, चौकट भरून. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला आणि मग आईसाठी पाकिटात घातला.

नागपूरहून फोन आला तो पुन्हा रविवारीच. काका सिंकपाशी भांडी घासत होते, मी पुसत होते. काकूंनी फोन ठेवला आणि त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते.

"आईनं ओळखलं?" मी विचारलं.

"भिंग लावून पाहिला. म्हणते, तू तर माझ्यासारखी दिसायला लागली गं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हणजे मी म्हातारी झाली."

"फ्लॅशमुळे तसं आलंय," काका एकदम म्हणाले. नळ बंद केला. "समोरून फ्लॅश मारला की सुरकुत्या दिसतात. प्रकाश बाजूनं पाहिजे. थांब, पुन्हा काढतो."

"अहो, आत्ता कुठे. मी अशी बसलीय."

"खिडकीपाशी ये."

त्यांनी ओले हात शर्टाला पुसले आणि खिशातून कॅमेरा काढला. काकू खिडकीपाशी उभ्या राहिल्या, बाहेरच्या बर्फाचा उजेड एका गालावर. काका एक पाऊल पुढे आले. कॅमेऱ्यातून पाहिलं. आणखी एक पाऊल पुढे आले. मग कॅमेरा खाली घेऊन नुसतंच पाहिलं, आणि अजून पुढे आले. मी हातातलं भांडं पुसत राहिले, ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"इतक्या जवळून येतो का हो फोटो?" काकूंनी विचारलं.

"येतो," काका म्हणाले.

आला नाही. त्या कॅमेऱ्याला हातभर अंतर तरी लागायचं, आणि हे काकांइतकं दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. फोटोत नुसता धुरकट उजेड आहे आणि त्यात कुठेतरी एक डोळा असावा असं वाटतं. काकूंनी तो मोठा करून घेतला, त्याला चौकट केली आणि दिवाणखान्यात लावला. येणारे पाहुणे त्याच्यासमोर उभे राहायचे, मान तिरकी करायचे आणि विचारायचे, हे काय आहे.

"माझा फोटो," काकू सांगायच्या. "हे फार जवळ आले होते."